७० हजारांत गेमिंग पीसी: दुकानदाराची यादी बघून सांगा (गोवा)

हरवळेकर

नमस्कार मंडळी. फर्मागुढीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घर साखळीला. गेमिंगसाठी पीसी असेंबल करून घ्यायचाय. मॉनिटर धरून ७० हजार, त्यावर एक रुपया नाही. अर्धे माझे शिकवण्यांचे, अर्धे बाबांचे, त्यामुळे घरी हिशेब द्यावा लागणार. कीबोर्ड, माउस, हेडफोन आहेत. व्हॅलोरंट आणि जीटीए ५ रोजचे, सायबरपंक २०७७ एकदा नीट खेळायचाय, शिवाय कॉलेजसाठी थोडं ब्लेंडर.

एका दुकानात विचारलं तर त्यांनी ही यादी दिली: आय५-१२४००एफ प्रोसेसर, एच६१० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम (एकच स्टिक), आरटीएक्स ३०५० ६ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५१२ जीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), लिक्विड कूलर (आरजीबी), ६५० वॅट एसएमपीएस (पॉवर सप्लाय), पुढून काच असलेलं कॅबिनेट, २२ इंची १०० हर्ट्झ मॉनिटर. बिलासकट ७४ हजार, "तुझ्यासाठी ७२". घ्यावं का?

शुक्रवारचो_बाजार

पात्रांव, ही यादी गेम खेळायला नाही, खोलीत लायटिंग करायला केलीय. चवथीचं मखर आहे का ते?

शेवंती

बाजार, त्याला घाबरवू नकोस. प्रोसेसर वाईट नाहीये रे. १२४००एफ म्हणजे ६ कोअर, १२ थ्रेड, आजही चालतो. पण ६५ वॅटच्या चिपवर लिक्विड कूलर कशाला? खोक्यातला पंखा पुरतो. ते पैसे कार्डात गेले पाहिजेत, कारण तुझ्या यादीत सगळ्यात अशक्त गोष्ट कार्डच आहे. ३०५० ६ जीबी हे ७० वॅटचं कार्ड, त्याला वेगळी पॉवर केबलसुद्धा लागत नाही. ऑफिसच्या छोट्या डब्यात बसवायला ठीक. सायबरपंकला ते धापा टाकेल.

आणि एकच रॅम स्टिक नको. ८-८ च्या दोन घेतल्या की प्रोसेसर दोन्ही वाटांनी वाचतो. व्हॅलोरंटसारख्या प्रोसेसरवर चालणाऱ्या गेममध्ये हा फरक लगेच दिसतो, विशेषतः मध्येच फ्रेम अडखळतात त्या वेळी.

आधी मॉनिटर ठरव. १०८०पी म्हणजे २०.७ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३६.९ लाख. तुझ्या पैशात १०८०पीच, पण २४ इंची आयपीएस, १४४ किंवा त्याहून जास्त हर्ट्झचा. ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहते, १४४ ला ६.९. व्हॅलोरंट रोज खेळणाऱ्याने १०० हर्ट्झवर अडकू नये. मॉनिटर ठरला की कार्ड ठरतं, कार्ड ठरलं की बाकीचं आपोआप.

पुढचा_सॉकेट

माझं स्पष्ट मत: आज नवीन पीसी घ्यायचा तर एएम५ च (सॉकेट म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा, एएम५ हा एएमडीचा नवा). रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड, डीडीआर५. एएमडीने हा सॉकेट २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवायचं म्हटलंय. तीन वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलायचा, बाकी सगळं तसंच. तुझ्या यादीतला इंटेलचा एलजीए १७०० काय आणि एएमडीचा जुना एएम४ काय, दोन्ही बंद गल्ल्या.

शुक्रवारचो_बाजार

आणि डीडीआर५ कोण घेऊन देणार, तू? हल्ली रॅमचे भाव ऐकलेस का? सोनाराकडे जावं तसं जायचं नि हात हलवत परत यायचं.

शेवंती

ते खरंय. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी अशी उचलली की भाव उडाले. मायक्रॉनने तर डिसेंबरात क्रुशल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. डीडीआर४ सुद्धा महागली, कारण कंपन्या ती बनवणं कमी करतायत. एएम५ चांगला आहे यात वाद नाही, पण ७० हजारांत मॉनिटर धरून एएम५ आणि १६ जीबी डीडीआर५ घेतलीस तर कार्डाला उरतं काय? पुन्हा ३०५० वर येशील.

वाळपईचे_काका

हरवळेकर, यादी बाजूला ठेव. घरात, काका-मामांकडे, बाबांच्या ऑफिसात जुना कॉम्प्युटर आहे का? आजच्या भावात पहिला प्रश्न हा. आपण नवीन काय घ्यायचं ते विचारतो, हाताशी काय आहे ते कोणी विचारत नाही.

हरवळेकर

काका, आहे! माझ्या काकांचं डिचोलीचं ऑफिस बंद झालं तेव्हा एक ब्रँडेड कॉम्प्युटर घरी आलाय. लहान आडवा डबा आहे. आत आय५-९४००, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबीची साटा एसएसडी. आई त्यावर वर्तमानपत्र वाचते, बाकी कोणी हात लावत नाही. यातच कार्ड घालता येईल का? मग सगळंच सुटलं!

वाळपईचे_काका

सुटणार नाही. या ब्रँडेड आडव्या डब्यांत बोर्ड कंपनीच्या मापाचा, एसएमपीएसही त्याच मापाचा नि बहुतेक १८० ते २६० वॅटचा. नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस त्यात बसत नाही, बऱ्याचदा प्लगच वेगळा. कार्डही अर्ध्या उंचीचं लागतं. ते ३०५० ६ जीबी अर्ध्या उंचीत मिळतं, तेवढंच शक्य. पण मग ७० हजार कशाला जमवलेस?

रॅम मात्र सोनं आहे. झाकण उघड, काढून मोजपट्टी लाव. साधारण १३ सेंटिमीटर लांब असेल तर डेस्कटॉपची, कामाची. पावणेसात सेंटिमीटर असेल तर लॅपटॉपची, ती साध्या बोर्डात बसणार नाही. स्टिकरवरचे आकडे इथे लिही. काढण्याआधी प्लग काढ, बटण दाबून ठेव, उरलेला करंट उतरू दे.

हरवळेकर

मोजली. १३.३ सेंटिमीटर. दोन स्टिक आहेत, प्रत्येकी ८ जीबी, पीसी४-२६६६ असं लिहिलंय. एकीवर धुळीचा असा थर होता की नंबर वाचायला फुंकर मारावी लागली. दोन्ही एकाच कंपनीच्या.

वाळपईचे_काका

आंगा, मग झालं. १६ जीबी फुकट, तेही जोडीने.

पुढचा_सॉकेट

२६६६ ची रॅम रायझनला? रायझनची आतली वाहतूक रॅमच्या वेगाशी बांधलेली असते, ३२०० ते ३६०० वर तो खुलतो. २६६६ वर मार खाणार. हे मी आत्ताच सांगून ठेवतो.

शेवंती

मार खाईल, पण किती? फरक कार्डच्या फरकाएवढा नक्कीच नाही. शिवाय बायोसमध्ये (बोर्डच्या आतल्या सेटिंगमध्ये) थोडा व्होल्टेज वाढवून २९३३ किंवा ३००० जमतंय का ते बघता येतं. जमलं तर जमलं, नाहीतर परत २६६६. पुढे भाव उतरले की ३२०० ची जोडी घेईल.

तर माझी यादी अशी. रायझन ५ ५६००, बी५५०एम बोर्ड, म्हणजे एएम४. ५५०० स्वस्त दिसतो पण घेऊ नकोस: त्यात एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी, ५६०० मध्ये ३२. शिवाय ५५०० पीसीआयई (प्रोसेसर आणि कार्ड यांच्यातली वाट) ३.० वर थांबतो, ४.० ला जात नाही. ५६००जी चंही तेच. दुकानदार "जी मध्ये ग्राफिक्स फुकट" म्हणेल, पण तू कार्ड घेतोच आहेस.

याच कारणाने बोर्डही बी४५० किंवा ए५२० नको. या किमतीतली बहुतेक कार्डं ८ लेनची आहेत. लेन अर्ध्या आणि वरून ३.० म्हणजे कार्डची ८ जीबी मेमरी भरली की बाकीचं रॅममधून आणताना वाट अरुंद पडते, नि नेमका तेव्हाच गेम अडखळतो. बी५५० मध्ये ४.० आहे. त्यातही बायोस फ्लॅशबॅकचं बटण (प्रोसेसर न लावताही बायोस अपडेट करता येतं) असलेला मिळाला तर बरा.

हरवळेकर

ताई, कार्ड कुठलं? मी इंटेलचं बी५८० बघत होतो, १२ जीबी आहे. की वापरलेलं ३०६० १२ जीबी?

शेवंती

बी५८० चांगलं कार्ड आहे, पण या प्रोसेसरसोबत नाही. इंटेलचा ड्रायव्हर प्रोसेसरकडून जास्त काम मागतो. २०२५ च्या सुरुवातीला चाचण्यांमध्ये हे उघड झालं, आणि ज्या प्रोसेसरवर ते मागे पडलं त्यांत ५६०० सुद्धा होता.

वापरलेल्या ३०६० बद्दल माझा विरोध नाही, पण इतिहास माहीत हवा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं माइनिंग (कार्डं रात्रंदिवस चालवून क्रिप्टो कमावणं) बंद झालं तेव्हा ढीगभर कार्डं बाजारात आली. काही अजून हात बदलत फिरतायत. घेतलंस तर समोर अर्धा तास गेम चालवून, पंख्यांचा आवाज ऐकून, मागच्या पट्टीवरचा गंज बघून घे. बिल आणि वॉरंटी शिल्लक नसेल तर माझ्या मते नको.

ब्लेंडर म्हणालास म्हणून मी एनव्हिडियाकडे झुकते, रेंडरला सरळ फरक पडतो. म्हणजे आरटीएक्स ५०६०. १४५ वॅटचं आहे. ८ जीबी ही त्याची उणीव, लपवत नाही. १०८०पीवर टेक्श्चर 'अल्ट्रा'वरून 'हाय'वर आणायचे, संपलं. ब्लेंडर नसतं तर एएमडीचं आरएक्स ७६०० घेऊन पैसे वाचव म्हटलं असतं. ९०६० एक्सटी १६ जीबी सगळ्यात छान, पण तुझ्या बजेटच्या बाहेर.

मोरजीकर

मी हॉस्पिटॅलिटीवाला, तांत्रिक फार कळत नाही, पण एक सांगतो. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो. आमच्याकडे कॅबिनेटचे स्क्रू दुसऱ्या पावसाळ्यात लाल होतात. पीसी वापरात असला की आतली ऊब दमटपणा टिकू देत नाही. जून-जुलैत बंद करून कोपऱ्यात ठेवला की गंज. मित्राने पावसात कापड गुंडाळून ठेवला होता, उघडला तेव्हा आत बुरशीचा वास नि एसएमपीएसच्या पंख्यात पाल. जाळी असलेलं कॅबिनेट घे, मागच्या रिकाम्या पट्ट्यांची भोकं बंद ठेव.

एसीच्या खोलीतून थंडगार पीसी दमट खोलीत नेऊन लगेच चालू करू नका. तासभर तसाच ठेवा, आत दव धरतं.

तिसरी_पिन

उशिरा आलो, पण माझा विषय कोणी काढलाच नाही.

त्या दुकानाच्या यादीत "६५० वॅट एसएमपीएस" एवढंच लिहिलंय, कंपनीचं नाव नाही. खोक्यावर ६५० कोणीही छापतो. एसएमपीएसच्या अंगावरचं स्टिकर बघ, त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर किती ते वाच आणि १२ ने गुण. "५०० वॅट" लिहिलेल्या स्वस्त मालावर मी १८ अँपिअर बघितलेत. म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही त्याच १२ व्होल्टवर जगतात. ५५० वॅटचा प्रामाणिक एसएमपीएस ४० च्या वर अँपिअर दाखवतो. ५०६० ला एनव्हिडिया स्वतः ५५० वॅट सुचवते. ८० प्लस ब्राँझचा छाप बघायचा, पण तो छाप फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो, संरक्षणाबद्दल काही बोलत नाही. वॉरंटी ५ वर्षांची असेल तर कंपनीला स्वतःच्या मालावर विश्वास आहे असं समज.

आता घराकडे. साखळीचं जुनं चिऱ्याचं घर असेल तर अर्थिंग तपास. सोपी खूण: पीसी चालू असताना अनवाणी उभं राहून कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला हाताची मागची बाजू लावली तर मुंग्या येतात का? येत असतील तर तिसरी पिन नुसती शोभेची आहे. एसएमपीएसच्या आत गाळणीसाठी जे कपॅसिटर असतात, ते अर्थ नसेल तर निम्मा व्होल्टेज कॅबिनेटवर सोडतात. करंट अगदी थोडा, पण यूएसबीने जोडलेल्या वस्तूंना आणि एचडीएमआय पोर्टला तो सोसत नाही. हे हाताने तपासायची हौस नसेल तर, आणि नसावीच, वायरमनला मल्टिमीटर लावायला सांग. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज-अर्थ जवळपास तेवढाच. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्ट. फेज-अर्थ ऐंशी-नव्वद असं काही आलं तर अर्थ तुटलाय.

अर्थ नसलेल्या बोर्डाला महागडा स्पाइक गार्ड लावणं बऱ्याच अंशी वाया. तो जादा व्होल्टेज बराचसा अर्थकडे ढकलतो, नि अर्थच नाही तर ढकलणार कुठे?

हरवळेकर

तिसरी पिन, खरं सांगू, आमच्या फ्रिजला हात लावला की चिमटा बसतोच. आई म्हणते "असंच असतं". घरात इन्व्हर्टर आहे, करंट गेला की पंखे चालतात. पीसी त्यावर चालेल ना? वेगळा यूपीएस घ्यायला पैसे नाहीत.

तिसरी_पिन

असंच नसतं. आधी आईचा फ्रिज, मग तुझा पीसी. दोन्हीला एकच उपाय, घराबाहेर अर्थचा नवीन खड्डा. हे काम पीसीच्या बजेटमध्ये धर, घरच्यांना सांगायलाही बरं पडेल.

इन्व्हर्टर साइन वेव्ह आहे का ते बघ. चौकोनी वेव्हवर चांगले एसएमपीएस कुरकुरतात, कधी बंदही पडतात. साइन वेव्ह असेल तर मागे किंवा बाजूला यूपीएस मोडचं बटण असतं. ते चालू केलं की बदल लवकर होतो, पीसी रीस्टार्ट होत नाही. तुझा पीसी आणि मॉनिटर मिळून पूर्ण भारात ३०० वॅटच्या आसपास ओढतील, त्यामुळे करंट गेला की गेम सेव्ह करायचा नि बंद करायचा. इन्व्हर्टरवर रँक्ड खेळत बसू नकोस, घरचे पंखे बंद पडले तर रँक राहील बाजूला.

आणि मे-ऑक्टोबरात गडगडायला लागलं की प्लगच नाही, इंटरनेटच्या राउटरची लॅन केबलसुद्धा काढ. मदरबोर्डचा लॅन पोर्ट असाच जातो, लोक एसएमपीएसला दोष देतात.

चोर्ला_मार्गे

घ्यायचं कुठून ते कोणी बोलेना. बेळगावला जाऊन ये, पर्याय जास्त. मुंबईला कोणी जाणारं असेल तर लॅमिंग्टन रोड.

शुक्रवारचो_बाजार

आणि कार्ड बिघडलं की पुन्हा चोर्ला घाट, तोही पावसात. मी एकदा बाहेरून आणलेला बोर्ड वॉरंटीत परत पाठवला, दुकानदार फोनच उचलेना. हजार-बाराशेच्या फरकासाठी नको. म्हापसा, पणजी, मडगाव, कुठल्याही दुकानात पार्टप्रमाणे भाव मागायचा, "पूर्ण सेटचा भाव" नाही. ऑनलाइन भाव दाखवून विचारायचं. कार्ड आणि एसएमपीएस शक्यतो इथेच घे. जीएसटी बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घे. १८ टक्के भरतोसच, मग नंबर तरी पदरात पडू दे. खोकी फेकू नकोस.

हरवळेकर

परवा वायरमन आला. फेज-अर्थ ६५ व्होल्ट! म्हणाला खड्डा सुकलाय, तारही गंजलीय. काम करून घेतोय.

दुकानात पुन्हा गेलो, तेच दुकान, पण यादी माझी: ५६०० साडेअकरा, बी५५०एम साडेआठ, ५०६० एकोणतीस, ५५० वॅट ब्राँझ साडेचार (१२ व्होल्टला ४५ अँपिअर, स्टिकर वाचून घेतलं, दुकानदार बघतच राहिला), जाळीचं कॅबिनेट साडेतीन, २४ इंची १८० हर्ट्झ आयपीएस साडेनऊ. एकूण साडेसहासष्ट. उरलेले साडेतीन अर्थिंगला. रॅम नि एसएसडी जुन्या डब्यातली. नवीन एनव्हीएमई चवथीला, आजोबांनी कबूल केलंय.

दोन शंका. २५६ मध्ये भागेल? आणि जुन्या एसएसडीवरची विंडोज तशीच चालेल का?

शेवंती

भागेल, एका वेळी एक मोठा गेम ठेवलास तर. सायबरपंकच ७० जीबीच्या आसपास खातो.

विंडोज तशी चालवू नकोस. ब्रँडेड मशीनचं लायसन्स त्या बोर्डला बांधलेलं असतं, नव्या बोर्डवर येत नाही. काकांच्या फायली आधी काढून घे, मग विंडोज ११ नव्याने टाक. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. टाकताना यूईएफआय मोडमध्ये (बायोसची नवी पद्धत) टाक, बायोसमध्ये एफटीपीएम आणि सिक्युअर बूट (दोन्ही सुरक्षेच्या सेटिंग) चालू कर. नाहीतर विंडोज ११ वर व्हॅलोरंट उघडायलाच तयार होत नाही, नि तू कार्ड खराब समजून दुकानात धावशील.

मॉनिटरची केबल कार्डला लाव, बोर्डला नाही. ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, बोर्डच्या पोर्टवर पडदा काळाच राहील. नंतर डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १८० हर्ट्झ स्वतः निवड. माझ्या ओळखीतला एकजण वर्षभर १६५ च्या मॉनिटरवर ६० ने खेळत होता.

वाळपईचे_काका

बोर्डवर रॅमचे चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा. स्टिक दाबली की स्लॉटच्या खिट्टीचा खट् आवाज यायला हवा.

पुढचा_सॉकेट

मी अजूनही म्हणतो एएम५. पण फुकट १६ जीबी असताना माझं कोण ऐकणार. तीन वर्षांनी याच धाग्यावर भेटू.

शुक्रवारचो_बाजार

हरवळेकर बाब, मग तो ब्रँडेड डबा विकणार काय? भावाच्या दुकानात बिलिंगला हवा होता.

हरवळेकर

दादा, त्यात आता रॅम नाही, एसएसडी नाही. आणि आईला वर्तमानपत्र वाचायला नवा पीसी द्यावा लागणार, ते वेगळंच.

शुक्रवारचो_बाजार

रॅम नाही? मग राहू दे. तो रॅमसकट असता तर तुझ्या आधी मीच नेला असता.